मावळतीच्या अंगाचा वारा

बाळाबाई आष्ट्याला लेकीकडे गेली ती दोन महिन्यांच्या बोलीवर. त्याला आता चौथं वर्ष लागलं होतं. लेक, आम्रपाली, तिथं दवाखान्यात नर्स होती. ड्युटी कधी दिवसाची, कधी रात्रीची, आणि पदरात दोन लहान पोरं. आजीशिवाय त्या घराचं चालणार नव्हतं, हे तिच्या नवऱ्याला, आकाराम भंडारेलाही कळत होतं. त्यानंही तिकडंच यावं म्हणून लेकीनं किती पत्रं धाडली. तो दोनदा जाऊन राहिलाही. पण आम्रपालीच्या घरामागं विजेचा मोठा डबा होता. आकारामनं आपला रेडिओ लावला की त्यातून नुसती चरचर यायची, कढईत मोहरी तडतडावी तशी. दुसऱ्या खेपेला चौथ्या दिवशी तो बायकोला म्हणाला, "हितं मला काय ऐकू येत न्हाई."

बाळाबाई म्हणाली, "माणसांचं येतंय की."

सकाळच्या गाडीनं तो मेढ्याला परत आला.

मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. लष्कराच्या सिग्नल्समध्ये अठ्ठावीस वर्षं काढून तो नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाला होता. त्यातली शेवटची नऊ वर्षं जबलपूरला नव्या पोरांना वायरलेस शिकवण्यात गेली. घरी आल्यावर त्यानं परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला, अंगणात दोन उंच बांबू रोवून त्यांच्यात तार ताणली आणि खिडकीशी टेबल मांडलं. हवा चांगली असली तर जपानचा माणूस लागायचा, कधी रशियाचा. बोलणं ठरलेलं असे. तुमचा आवाज कसा येतोय, माझा कसा येतोय, तिकडं थंडी किती. मग नाव, गाव, आणि निरोप. तेवढ्यावर आकारामचं जेवण गोड लागायचं. कधी कधी मात्र दोन-दोन दिवस कोणीच सापडत नसे, आणि मग त्याच्या ध्यानात यायचं की आपण परवापासून कोणाशीच बोललो नाही. दुधवाल्याशीसुद्धा नाही, कारण तो पातेलं भरून पायरीवर ठेवून जायचा.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर मुंबईहून एक पत्र आलं. शिडाच्या बोटींची शर्यत होणार होती, मुंबईपासून थेट सेशेल्स बेटांपर्यंत. सतराशे-अठराशे सागरी मैल, नऊ बोटी, वीस-बावीस दिवस. मध्ये कुठं थांबायचं नाही. इंजिन चालवायचं ते फक्त बॅटरी भरायला. बोट पुढं ढकलणाऱ्या त्याच्या पंख्याला शिशाचं सील. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला प्रत्येक बोटीनं आपण कुठं आहोत आणि वारा किती आहे ते वायरलेसवर कळवायचं. मुंबईच्या गोंगाटात हे आवाज नीट येत नव्हते. म्हणून समितीला एखाद्या शांत डोंगरावरचा, कान तयार असलेला माणूस हवा होता. आकारामचं नाव त्यांना कोणी सुचवलं ते पत्राच्या शेवटी कळलं. लष्कराच्या 'भरारी' या बोटीवर नकाशा आणि वायरलेस सांभाळणारा हवालदार सयाजी, उंब्रजचा. तो आकारामच्या हाताखाली शिकलेला होता.

आकाराम स्वतः बोटीत बसला होता तो एकदाच, बामणोलीला कोयनेच्या पाण्यावरच्या लाँचमध्ये, आणि तेव्हाही कडेची दांडी घट्ट धरून. तरी त्यानं त्याच दिवशी होकार कळवला.

कामाचा एक नियम मात्र समितीनं लाल शाईनं खूण करून पाठवला होता. प्रत्येक बोटीला एक गुप्त आकडा दिलेला. आपली जागा आणि वारा सांगताना त्यात तो आकडा मिसळायचा, म्हणजे ऐकणाऱ्या इतर बोटींना त्यातून काही उमगू नये. सगळ्या बोटींचे गुप्त आकडे दोघांकडंच, एक समिती आणि दुसरा आकाराम. कोणाला कुठं वारा लागला हे त्यानं कुठल्याही बोटीला सांगायचं नाही. सांगितलं तर ती बोट बाद.

शर्यत जानेवारीच्या आठ तारखेला, रविवारी सुटली. त्या संध्याकाळी सहाला आकारामनं बोटींची नावं एकेक करून पुकारली. ऑस्ट्रेलियाची एक, दक्षिण आफ्रिकेच्या दोन, मुंबईच्या क्लबाच्या तीन, एका फ्रेंच नवरा-बायकोची, नौदलाची, आणि शेवटी 'भरारी'.

"जय भीम, उस्ताद," पलीकडून आवाज आला.

"राम राम, सयाजी," आकाराम म्हणाला. जबलपूरला वर्गातही त्यांची हीच पद्धत होती. ज्याचा त्याचा नमस्कार दुसऱ्यानं घालायचा. मग आकारामनं आकडे विचारले.

पहिले दहा दिवस वारा ईशान्येचा, पाठीवरचा होता. आकडे सांगून झाले की सयाजीला पाच मिनिटं बोलायची मुभा असे, आणि आकाराम त्या पाच मिनिटांसाठी दिवसभर बसून राहायचा. सयाजी सांगायचा आणि आकाराम वहीत लिहायचा. आकड्यांच्या वहीत नव्हे, दुसऱ्या.

"आमी पाच जण हाय, उस्ताद, आन झोपायच्या जागा तीन. चार तास काम, चार तास झोप. एक उठला की त्याच्या गरम बिछान्यात दुसरा शिरतो. मागून वारा हाय म्हणून बोट सरळ जाती, पर डुलती लय. भात अर्ध्या गोड्या, अर्ध्या खाऱ्या पाण्यात शिजवतो. मीठ टाकावं लागत न्हाई. ओव्हर."

"अंघोळ? ओव्हर."

"समुद्राची. अंगाला मीठ राहतं, बसायच्या जागी फोड आलेत सगळ्यांना. कॅप्टन बिश्त साहेब उभ्यानंच जेवत्यात. ओव्हर."

हे कॅप्टन बिश्त बोटीचे प्रमुख. कुमाऊँचे, बोलायला कमी. त्यांचा डाव सयाजीनं आकारामला नीट समजावून सांगितला होता. विषुववृत्तापर्यंत सगळ्यांचा वारा एकच, तिथवर शर्यत म्हणजे नुसती मेहनत. दर पहाटे एकानं डोलकाठीवर चढून दोर कुठं झिजलेत ते बघायचं, वारा जरा पडला की फुग्यासारखं मोठं शीड चढवायचं, वाढला की ते फाटायच्या आत उतरवायचं. खरा खेळ पुढं होता. विषुववृत्ताच्या खाली वारा मरतो. तो पट्टा कुठं रुंद असतो, कुठं अरुंद, आणि रोज जागा बदलतो. तो जिथून पार कराल त्यावर शर्यत ठरायची. पश्चिमेला सरकून गेलं तर बेट जवळ, पण तिथं अडकलं तर अडकलं. पूर्वेकडं राहिलं तर वाट लांब, पण जुने नकाशे म्हणत होते की तिथं पट्टा अरुंद असतो.

"तुमचं साहेब काय म्हणत्यात? ओव्हर."

"साहेब म्हणत्यात, नकाशावर भरवसा. मी म्हणतो, ढगावर. बगू. ओव्हर."

आकडे घेऊन झाले की आकाराम उतार उतरून स्टँडजवळच्या फोनच्या बूथवर जायचा आणि मुंबईला नऊ बोटींचे आकडे द्यायचा. दर तिसऱ्या दिवशी तो आणखी एक फोन करायचा, उंब्रजच्या एका किराणा दुकानात. सयाजीच्या वडलांना निरोप द्यायचा, पोरगं खुशाल आहे. सयाजीनं सांगितलेलं हे काम. समितीचा त्याच्याशी संबंध नव्हता.

त्या दिवसांत आकारामला वेळ पुरत नव्हता. भाकरी थापताना तो पोझिशनची उजळणी करायचा. शाळेच्या नकाशाच्या वहीतून हिंदी महासागर फाडून त्यानं भिंतीला लावला होता, आणि त्यावर नऊ रंगांच्या टाचण्या रोज बोटभर खाली सरकत होत्या. फ्रेंच बाई दर संध्याकाळी त्याला तिच्या भाषेत शुभ रात्री म्हणायची. तो इंग्रजीत परत म्हणायचा. आम्रपालीचं पत्र आलं होतं, 'संक्रांतीला या', ते टेबलावर तसंच पडलं. संक्रांत येऊन गेली.

बाराव्या दिवशी संध्याकाळी 'भरारी' तिसरी होती. विषुववृत्त तिनं दुपारीच ओलांडलं होतं.

आकारामनं नऊही बोटींचे आकडे घेतले, मनातल्या मनात सोडवले, आणि नकाशाकडं बघत राहिला. पहिल्या दोन बोटी पश्चिमेला सरकल्या होत्या. दोघींनाही दहा नॉटचा चांगला वारा होता, आणि सकाळपासून टिकून होता. नौदलाची बोटही तिकडंच वळत होती. पूर्वेकडं फ्रेंच नवरा-बायको एकटेच गेले होते. त्यांचा वारा शून्य. काल संध्याकाळपासून शून्य. 'भरारी' बरोबर मध्ये उभी होती.

सयाजीचा आवाज आला. आकडे देऊन झाले. मग तो थोडा थांबला. मराठी समजणारी माणसं मुंबईच्या बोटींवर होती, नौदलाच्या बोटीवर होती, हे दोघांनाही माहीत होतं.

"उस्ताद," तो म्हणाला, "मेढ्यात झाडं हलत्यात का? मावळतीच्या अंगाची? ओव्हर."

आकारामच्या टेबलासमोरची खिडकी मावळतीलाच होती. खिडकीबाहेर उतारावर जांभळाचं झाड होतं, आणि त्याची पानं त्या घटकेला खरोखर हलत होती. तो नुसतं 'हलत्यात' म्हणाला असता तरी चाललं असतं. ते खोटं नव्हतं. जगातल्या कुठल्याही समितीला त्यात खोट काढता आली नसती.

त्यानं बटण दाबलं, सोडलं, आणि पुन्हा दाबलं.

"मी घरात बसलोय, सयाजी. मला हितनं झाडं दिसत न्हाईत. ओव्हर."

"बरं," सयाजी म्हणाला. "आउट."

तेराव्या दिवशी सकाळी 'भरारी'ची टाचणी पूर्वेकडं सरकली. संध्याकाळी ती जागची हलली नाही. त्या दिवशी आकडे देताना सयाजी दमलेला वाटला. आकारामनं आकडा सोडवला, वारा शून्य निघाला. आणखी काही बोलायचं आहे का, असं आकारामनं विचारलं. नाही, तो म्हणाला.

चौदाव्या दिवशी सकाळी 'भरारी' हाकेला आली नाही.

आकारामनं तीनदा पुकारलं, मग पाच मिनिटं थांबून पुन्हा तीनदा. ऑस्ट्रेलियाच्या बोटीनं मदत म्हणून आपल्याकडून पुकारून पाहिलं. काही नाही. फोनवर समितीचा माणूस म्हणाला, अठ्ठेचाळीस तास वाट बघू, मग विमान मागवू. समुद्र शांत आहे, वादळ नाही, बॅटरीचं काहीतरी असणार. आकारामही हेच स्वतःला सांगत होता. पण त्या दिवशी उंब्रजला फोन करायचा होता, आणि तो बूथवर जाऊन, मुंबईचा फोन करून, तसाच परत आला. 'खुशाल आहे' हे त्याला म्हणवेना, आणि दुसरं काय म्हणायचं ते सुचेना.

पंधराव्या दिवशी दुपारी अंगणात कोणीतरी हाक मारली. डोक्याला पटका, हातात पिशवी, पायातल्या वहाणा धुळीनं पांढऱ्या. सयाजीचे वडील, दादासो. उंब्रजहून साताऱ्याला, तिथून गाडी बदलून मेढ्याला, आणि मेढ्यातून विचारत विचारत वर.

"सुभेदार तुमीच का?" ते म्हणाले. "काल फोन आला न्हाई, म्हणून आलो."

आकारामनं त्यांना खुर्ची दिली. चहा टाकला. पाहुणा घरात आला की आकाराम एक गोष्ट न बघता बघायचा, आयुष्यभराची सवय होती ती. चहा पितो का, आणि कसा पितो. दादासोंनी बशीत ओतला, फुंकून प्याले, आणि म्हणाले, "अजून घोटभर द्या. लय दमलो." आकारामनं राहिलेला चहा त्यांच्या कपात ओतला.

मग त्यानं सगळं सांगितलं. नकाशा दाखवला, टाचण्या दाखवल्या. वारा नसलेला पट्टा कुठं आहे, आणि 'भरारी'ची तांबडी टाचणी त्यात कुठं रुतली आहे, ते बोट ठेवून दाखवलं. काल सकाळपासून आवाज नाही, हेही सांगितलं.

दादासोंनी नकाशा बराच वेळ न्याहाळला. त्यांचं बोट मावळतीकडच्या टाचण्यांवर गेलं. "आन ही मंडळी?"

"त्यांना वारा हाय. पोचतील आता दोन-तीन दिसांत."

"मग ह्यो का न्हाई गेला तिकडं?"

आकारामला 'त्यांच्या साहेबांचा डाव' असं म्हणता आलं असतं, आणि तेही खरंच होतं. पण तीन दिवस तो एकटाच त्या गोष्टीशी बसला होता.

"त्यानं मला इचारलं हुतं," तो म्हणाला. "तिकडं वारा हाय का म्हणून. मला म्हाईत हुतं. मी सांगितलं न्हाई."

"म्हाईत हुतं तुमाला."

"व्हय."

"का न्हाई सांगितलं?"

"नियम हाय. सगळ्यांचं मला कळतं, ते मी कुणाला सांगायचं न्हाई. म्हणूनच मला ठेवलंय."

दादासोंनी मान हलवली, समजल्यासारखी. थोड्या वेळानं उठले, पिशवी घेतली, साताऱ्याची गाडी किती वाजता ते विचारलं. सहाच्या हाकेपर्यंत थांबा, आकाराम म्हणाला. घरी जनावरं आहेत, ते म्हणाले. ते गेल्यावर आकारामनं टेबलाकडं पाहिलं. दुसरा चहा कपात तसाच होता, वर साय धरलेली. बोलण्याच्या नादात त्यांच्याकडून राहिला, का त्यांनी ठेवला, का आणखी काही, हे त्याला ठरवता येईना. तो कप हातात घेऊन कितीतरी वेळ उभा राहिला. मग मोरीत ओतला आणि धुतला.

संध्याकाळी सहाला काही नाही. सोळाव्या दिवशी सकाळी सातला काही नाही. समितीच्या माणसाचा आवाज आता बदलला होता. संध्याकाळी नसला तर विमान निघेल, तो म्हणाला. आकाराम घरी आला तो पुन्हा बाहेर पडलाच नाही. सेट चालू ठेवून, कानाला हेडफोन लावून दिवसभर बसला. भाकरी केली नाही. तिन्हीसांजेला पाच वाजून चाळीस मिनिटांनी, ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी, खरखरीच्या आतून कोणीतरी त्याला पुकारत होतं. आवाज इतका बारीक की दुसऱ्या कोणाच्या कानाला तो आवाज वाटलाही नसता.

आकारामनं उत्तर दिलं. आवाज त्यानं वर्गातल्यासारखाच ठेवला. "तुमचा आवाज क्षीण येतोय, पण कळतोय. आकडे द्या. ओव्हर."

आकडे आले. पाचही जण ठीक. बॅटरी भरणाऱ्या यंत्राचा पट्टा तुटला होता. बरोबर नेलेला दुसरा पट्टा बसेना, शेवटी शीड शिवायच्या जाड पट्टीचा पट्टा करून तो आज चालला. आकडा सोडवला तर वारा तीन नॉट. बस्स.

"उंब्रजला काही निरोप? ओव्हर."

"निरोप नाही. आउट."

'जय भीम' आलं नाही, म्हणून 'राम राम' आकारामच्या तोंडातच राहिला. पुढं शर्यत संपेपर्यंत सयाजीनं फक्त आकडेच दिले. पाच मिनिटं मिळायची ती तो घेत नसे. त्याच्या नावानंतर आकाराम पाच मिनिटं गप्प बसायचा, मग यादी बंद करायचा. पश्चिमेच्या तिन्ही बोटी पहिल्या तीन आल्या. 'भरारी' तेविसाव्या दिवशी पोचली, नऊपैकी सातवी. तिच्या मागं फ्रेंच नवरा-बायको आणि मुंबईच्या क्लबाची एक. त्या संध्याकाळी सहाला पुकारायला यादीत कोणीच उरलं नव्हतं. आकारामनं उंब्रजच्या दुकानात फोन करून 'पोचला, खुशाल आहे' सांगितलं. दुकानदार 'सांगतो' म्हणाला.

मार्चमध्ये सयाजी रजेवर आला तेव्हा मेढ्याला येऊन गेला. उन्हानं काळा पडला होता, गालफडं बसली होती. ओठांवरच्या भेगा अजून भरल्या नव्हत्या. आकारामनं त्याच्यासाठी अंडी आणून ठेवली होती. जेवताना तो बोलला तो वारा मेलेल्या त्या पट्ट्याबद्दल, जणू पाच-पाच मिनिटांची थकबाकी एकदम उतरवत होता.

"पाणी तेलावानी हुतं, उस्ताद. सकाळी टाकलेला डबा संध्याकाळी तिथंच, बोटीच्या बगलंला. शिडं नुसती आपटायची, त्या आवाजानं डोकं उठायचं. पाच जण एकमेकांशी बोलंनासे झालो. आईनं दिलेली उदबत्ती लावायचो आन धूर कुठं जातो ते बघायचो, तेवढाच वारा. लांब काळा ढग दिसला की त्याच्या कडेला जायचं, कारण त्याच्या खाली घटकाभर वारं असतं. त्या एका घटकेसाठी तीन-तीन तास ढगाच्या मागं. आन तिथं पोचलो की ढग इरघळलेला. पाणी माणशी दीड लिटरवर आणलं. मग सव्वावर."

आकारामनं त्याला पाण्याचा तांब्या सरकवला. सयाजीनं तो रिकामा केला.

"तुमी खिडकीतच बसता," सयाजी म्हणाला. "मला म्हाईत हाय. जबलपूरला बी खिडकीतच बसायचा."

"व्हय."

"साहेबांनी सांगितलं हुतं इचारायला. मी नको म्हणत हुतो. पर इचारलं, आन इचारल्यावर मला वाटलं तुमी सांगाल." तो ताटातला भात बोटांनी गोळा करत राहिला. "तुमी केलं ते बराबर हाय, उस्ताद. मी बी तेच केलं असतं. पर मला बरं वाटलं न्हाई."

"मला बी न्हाई," आकाराम म्हणाला.

एवढंच त्या विषयावर झालं. जाताना सयाजी म्हणाला, येत्या रविवारी जेवायला उंब्रजला या. बाबांनी बोलावलंय. आकाराम येतो म्हणाला. त्या रविवारी तो गेला नाही. पुढच्याही गेला नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला तो आष्ट्याला निघाला. एस.टी. उंब्रजला दहा मिनिटं थांबली. आकाराम खाली उतरला, स्टँडवर चहा घेतला, रस्त्यापलीकडं उसाच्या गाड्या जात होत्या त्यांच्याकडं बघितलं. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा तो परत चढला. आष्ट्यात संध्याकाळी बाळाबाई तांदूळ निवडत बसली होती, त्यानं तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"जेवायला बोलावलं हुतं, आन तुमी गेला न्हाई," शेवटी ती म्हणाली.

"त्याच्या बापाशी काय बोलायचं, ते ठरत नव्हतं."

"जेवायलाच बोलावलं हुतं ना?" तिनं सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "परत जाताना उतरा."

आठ दिवसांनी परतताना तो उतरला. सयाजीची रजा संपून तो युनिटला गेला होता. सयाजीच्या आईनं, हरणाबाईनं, दारातूनच आत या म्हटलं, आणि दादासोंना शेतातून बोलावणं धाडलं. ते आले, हातपाय धुतले, आणि दोघे शेजारी शेजारी पाटावर बसले. हरणाबाई वाढत होती. आमटी, भाकरी, वर कांदा. आकारामला घास गिळताना आवाज होतोय की काय असं वाटत राहिलं.

बाहेर ओसरीवर बसल्यावर दादासोंनी सुपारी कातरली, त्याला दिली.

"तिथं वारं नसलं की," ते म्हणाले, "काय दिसतं माणसाला?"

आकारामला पहिल्यांदा प्रश्न कळला नाही. मग कळला. त्यानं सांगितलं, पाणी तेलासारखं दिसतं. टाकलेला डबा दिवसभर बगलेलाच राहतो. उदबत्तीचा धूर बघतात, हरणाबाईंनी दिलेली उदबत्ती. दादासो कातरता कातरता थांबले.

"हे तुमाला त्यानं सांगितलं?"

"व्हय. मार्चमदी आला तवा."

"आमाला न्हाई बोलला." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "म्हैनाभर हुता घरात. आलो, पोचलो, सातवा नंबर. तेवढंच. मी बी इचारलं न्हाई. समुद्राचं काय इचारायचं ते मला कुठं कळतंय." सुपारीचं खांड त्यांनी तोंडात टाकलं. "भरती झाला तवापासनं असंच हाय. येतो, जेवतो, जातो."

ओसरीसमोर ऊन उतरायला लागलं होतं. आकारामला त्या दोन वह्या आठवल्या, घरी मेढ्याला टेबलावर असलेल्या. पण त्यातली दुसरी त्याला वहीवाचून पाठ होती.

"मी सांगतो," तो म्हणाला. "मला रोजचं म्हाईत हाय. पैल्या दिसापासनं."

दादासोंनी पाय वर घेतले आणि भिंतीला टेकले. हरणाबाई उंबऱ्यात येऊन बसली. आकारामनं आठ तारखेच्या रविवारपासून सुरुवात केली. पाच माणसं आणि झोपायच्या जागा तीन. भात कुठल्या पाण्यात शिजतो. पहाटे डोलकाठीवर कोण चढतं. हरणाबाईनं मध्येच विचारलं, फोडांना काय लावत होते. खोबरेल, आकाराम म्हणाला, पण ते तिसऱ्या दिवशीच सांडलं. चौथ्या दिवसापर्यंत आले तेव्हा साताऱ्याच्या गाडीची वेळ झाली होती. दादासो पटका बांधून त्याच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत निघाले, आणि वाटेत त्यानं पाचवा दिवस सांगितला. त्या दिवशी वारा ईशान्येचाच होता, पंधरा नॉटचा, आणि जेवायला खिचडी होती.